बाजाराला निवडक, घराला हिरवे

सोयाबीन कापून मळणी उरकली, की इंदूर, महू, देपालपूर, सांवेर या आपल्या भागांत बटाट्याची एकच धांदल उडते. दिवाळीच्या मागेपुढे लागवड, नाताळात हिरवेगार रान आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, हा क्रम आता आपल्या अंगवळणी पडला आहे. काढणीच्या दिवसांत शेतातच ढीग लागतात आणि बायामाणसे निवडायला बसतात. एकसारखा, गोल, बिनडागी माल चिप्सच्या कारखान्यासाठी वेगळा निघतो. त्याखालचा गोण्यांत भरून चोइथराम मंडीत जातो. आमचा प्रश्न एवढाच आहे, की ही निवड झाल्यावर आपल्या स्वयंपाकघरात कोणता बटाटा येतो?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. कुदळीने चिरलेला, सुपारीएवढा बारीक, आणि वरंब्याबाहेर डोकावून उन्हाने हिरवा पडलेला. कारखाना हिरवा माल घेत नाही, व्यापारी त्याचा भाव पाडतो. मग तो टोपलीत भरून घरी येतो आणि महिनाभर भाजीत शिजतो. जे दुसऱ्याच्या मुलांसाठी नापास ठरले, ते आपल्या मुलांच्या ताटात. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्याही घरी वर्षानुवर्षे हेच चालले होते. एका फेब्रुवारीत असल्याच हिरवट, बारीक बटाट्यांची सालासकट उसळ केली. चव जराशी कडवट लागली, पण "नवा बटाटा आहे, असेल" म्हणून सर्वांनी खाल्ली. रात्री घरातल्या तिघांना उलट्या आणि पोटात मुरडा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो बटाट्याच्या रंगाचा.

हिरवा रंग स्वतः विषारी नाही. तो पानात असतो तोच रंग. पण ज्या उजेडाने बटाटा हिरवा होतो, त्याच उजेडाने त्याच्या सालीत व डोळ्यांत सोलॅनिन नावाचे कडू द्रव्य वाढते, आणि ते उकळल्याने किंवा तळल्याने जात नाही. थोडासा हिरवा डाग असेल तर तो जाड साल काढून, डोळे कोरून टाकून द्यावा. बराच भाग हिरवा असेल किंवा चव कडू लागत असेल, तर तो बटाटा टाकूनच द्यावा. मुलांना व गरोदर बायांना असा बटाटा मुळीच देऊ नये. टाकताना जिवावर येते हे खरे, पण तो गुराढोरांपुढेही टाकू नये. त्यांनाही तो बाधतो.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे आहे, की शेतात कितीही एकर बटाटा असला, तरी शेतकरी कुटुंबाने परसात घरच्या खाण्यासाठी एक वेगळा वाफा करावा, आणि त्यात खाण्यासाठीचीच, साधारण लवकर तयार होणारी जात लावावी.

यावर आमच्या एका शेतकरी मित्राने हसून विचारले, "चार एकर बटाटा दारात असताना घराला आणखी दोन वाफे कशाला?" प्रश्न वाजवी आहे. पण शेतातला बटाटा पहिल्या दिवसापासून बाजाराचा असतो. जात बाजाराची, काढणीची तारीख व्यापाऱ्याची, आणि भाव चांगला आला तर घरासाठी पोतेभर राखून ठेवलेले तेही शेवटच्या गाडीत चढते. परसातला वाफा घराचा असतो. त्यातला मोठा, गुळगुळीत, चांगल्यातला चांगला बटाटा कोणाच्या परवानगीशिवाय घरची बाई चुलीवर ठेवू शकते. चिप्ससाठी लावल्या जाणाऱ्या लेडी रोझेटा किंवा चिप्सोना यांसारख्या जातींत पाण्याचा अंश कमी व पिष्ट जास्त असते. तळायला त्या उत्तम, पण रश्श्यात टाकल्या की अनेकदा फुटून लगदा होतो. कारखान्याची गरज वेगळी, घरची वेगळी.

जातींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. आपण मराठी माणसे याला बटाटा म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. इंदूरच्या मंडीत मात्र 'आलू' म्हटल्याशिवाय कोणी वळून पाहत नाही. जातींच्या नावाआधी जो 'कुफरी' शब्द लागतो, तो सिमल्याजवळच्या कुफरी या ठिकाणाचा. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यास सुरू झाली व १९५६ मध्ये सिमल्यास गेली. तिने काढलेल्या जातींना हे नाव मिळते. आपल्या प्रांतात ग्वाल्हेर येथे तिचे केंद्र आहे.

भाताच्या शेतकऱ्याला हळवे, निमगरवे आणि गरवे हे शब्द पाठ असतात. बटाट्यातही तसेच आहे. १९६८ ची कुफरी ज्योती ही निमगरवी, साधारण शंभर दिवसांची. पांढरी, डोळे उथळ, आपल्या भागात अजूनही लोकांच्या विश्वासाची. १९७२ ची कुफरी लवकर ही पठारी प्रदेशासाठी उपयोगी ठरलेली हळवी जात, आणि तिचे नाव तर आपल्याच भाषेतले. १९९८ ची कुफरी पुखराज ही हळव्या आणि निमगरव्याच्या मधली. पिवळसर सालीची, लांबट गोल, सत्तर ते नव्वद दिवसांत तयार होणारी. साठाव्या-सत्तराव्या दिवशीच तिचे बटाटे खाण्याजोगे भरलेले असतात. चिप्सला ती निरुपयोगी, कारण तिच्यात पाणी जास्त. पण याच कारणाने ती रश्श्यात फुटत नाही, फोड अखंड राहते. परसासाठी आम्ही पुखराजच्याच बाजूचे आहोत.

मध्यम-लवकर जातीचा आग्रह का? आपल्याकडे थंडी असते तोवरच बटाटा पोसतो. झाड दिवसाच्या उन्हावर वाढते, पण बटाटा धरतो तो थंड रात्रीमुळे. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली असले तर उत्तम. त्यावर गेले की झाड पाल्यालाच जोर देते आणि खाली काही भरत नाही. 'शब-ए-मालवा' म्हणून माळव्याच्या रात्रींचे जे कौतुक होते, ते बटाट्यालाही लागू आहे म्हणायचे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा घेतात, कारण तेथे पावसाळाच थंड असतो. आपल्याला ती सोय नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हेच आपले दिवस. गरवी जात लावली तर फेब्रुवारीअखेरची ऊब तिला अर्ध्यात गाठते. शिवाय परसातले पाणी त्या सुमारास आटू लागते, हेही विसरता येत नाही.

मात्र सगळा वाफा एकाच जातीचा करू नये. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली. गोरगरीब बहुतांशी एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते आणि करपा नावाचा रोग त्या जातीवर तुटून पडला. दुष्काळाला राज्यकर्त्यांची निष्ठुरताही कारण होती, पण सुरुवात शेतातून झाली. आपली ज्योती जात आली तेव्हा ती या करप्याला चांगली दाद देत असे. पुढे रोगाने आपले रूप बदलले आणि तिची ती ताकद उरली नाही. पुखराजवरही करपा येतो. म्हणून तीन भाग पुखराज आणि एक भाग ज्योती, असा आमचा शिरस्ता आहे.

आता बेण्याविषयी. हा विषय आम्ही जरा कडकपणेच मांडणार आहोत. बाजारातून भाजीचा बटाटा आणायचा, कोंब आले की तोच लावायचा, ही सवय सोडली पाहिजे. आम्ही स्वतः एका वर्षी तसे केले. अर्धी झाडे खुजी राहिली, पाने कडेने वर वळून कडक झाली आणि खाली गोट्यांएवढे बटाटे लागले. ते विषाणूचे काम. मावा हा कीटक तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि बेण्यातून तो पुढच्या वर्षी येतो. वर्षागणिक असे बेणे उतरत जाते. काही झाडे तर हिरवीगार असतानाच एका दुपारी माना टाकून बसली. त्यांचे बटाटे चिरून पाहिले, तर आत तपकिरी कडे. महाराष्ट्रातील शेतकरी या रोगाला बांगडी म्हणतात. हा रोग एकदा जमिनीत शिरला, की पुढे टोमॅटो, वांगी, मिरची यांनाही सोडत नाही. दहा-पाच रुपये वाचवायला जाऊन आम्ही परसाचा तो कोपरा कित्येक वर्षांसाठी घालवला.

प्रमाणित बेण्याच्या गोणीला निळे लेबल असते. तेच पाहून घ्यावे. अडचण अशी, की गोणी पन्नास किलोची आणि घरच्या वाफ्याला लागते सहा किलो. यावर उपाय सोपा आहे. आठ घरांनी मिळून एक गोणी घ्यावी. आपल्या धर्मग्रामात महिला मंडळे आहेत, बचत गट आहेत; मिस्सेनंतर पाच मिनिटे थांबून ठरवले तर सप्टेंबरातच नावे लिहून होतात. वाटून उरलेले बेणे कोणी भाजीत घालू नये. त्यावर औषध लावलेले असू शकते.

घरचाच बटाटा पुढच्या वर्षी बेण्याला ठेवू, असेही काही जण म्हणतात. माळव्याच्या मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो घरात टिकत नाही. सुकतो, सडतो किंवा पाकोळीची अळी त्याला पोखरते. शीतगृहात ठेवला तरी विषाणू आत असेल तर तो तसाच राहतो. दर दोन वर्षांनी का होईना, बेणे नवे घ्यावेच.

शीतगृहातून आलेले बेणे तडक जमिनीत घालू नये. दहा-पंधरा दिवस ओसरीत, सावलीच्या उजेडात एका थरात पसरून ठेवावे. आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब आले म्हणजे ते तयार झाले. अंधारात ठेवलेल्या बेण्याला पांढरे लांब कोंब येतात आणि ते हात लावताच मोडतात. कोंबड्याच्या अंड्याएवढे अख्खे बेणे लावणे चांगले. मोठे असून कापावेच लागले, तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवावे, सुरी दर वेळी पुसावी, आणि फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकू द्याव्या. ओल्या फोडी आपल्या काळ्या मातीत हमखास कुजतात.

लागवड ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. दिवसाचे ऊन उतरले नसेल तर घाई करू नये. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढी जागा धरा. दोन-दोन फुटांवर वरंबे, वरंब्यात वीत-वीत अंतरावर एक बेणे, दोन-तीन इंच खोल. या जागेत दीडशेच्या आसपास झाडे बसतात. सगळे ठीक झाले तर चाळीस किलोपर्यंत बटाटा निघतो. हात नवे असतील तर तीस किलोची आशा धरावी. पाच माणसांच्या घराला दोन महिने पुरेल एवढे हे होते.

काळ्या मातीचा दोष असा, की ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. बटाट्याला दोन्ही नको. यावर उपाय एकच, तो म्हणजे कुजलेले खत, आणि त्याची विद्या तर आपल्याच गावची आहे. येथील कृषी महाविद्यालयाच्या आवारात १९२४ साली वनस्पतिउद्योग संस्था सुरू झाली. तेथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट करण्याची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. परदेशातले शेतकरी इंदूरचे नाव घेऊन खत करतात, आणि आपल्याकडे पालापाचोळा पेटवून दिला जातो, हे पाहून आम्हांला नेहमी वाईट वाटते.

रीत कठीण नाही. पालापाचोळा व काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, थोडी राख, पाणी, पुन्हा थर. असे करीत ढीग रचावा आणि तीन वेळा उलटावा. तीन महिन्यांत खत भुसभुशीत होते. ऑक्टोबरात हवे असेल तर जुलैत सुरुवात करावी. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीगच बरा. वर सांगितलेल्या वाफ्याला चाळीस-पन्नास किलो खत पुरे. कच्चे शेण मात्र घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते.

पाणी दर आठ-दहा दिवसांनी सरीतून द्यावे. वरंब्याच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत चढले की थांबवावे. वरंबा बुडू देऊ नये. झाडे वीतभर झाली की, म्हणजे पंचवीस ते तीस दिवसांनी, खुरपणी करून दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यावी. पंधरा दिवसांनी भेगा पडल्या असतील तर पुन्हा द्यावी. हे एक काम टाळले, तर पुढे सांगून काही उपयोग नाही. भर नसली की बटाटा वर येतो, हिरवा होतो आणि पाकोळी त्यावर अंडी घालते. वर सांगितलेल्या आमच्या उलट्या-मुरड्याचे मूळ याच आळसात होते.

डिसेंबर-जानेवारीत मावठा पडतो, दोन-तीन दिवस आभाळ राहते, तेव्हा करप्याकडे लक्ष ठेवावे. पानांच्या कडेला पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग आणि सकाळी खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसली की तो आलाच. डाग दिसण्याआधी, आभाळ भरून येताच, मॅन्कोझेब लिटरला दोन ते अडीच ग्रॅम घेऊन फवारले तर उपयोग होतो. पुडीवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत काढणी करू नये. ज्या रात्री पाला पडेल असे वाटते, त्या संध्याकाळी सरीत हलके पाणी द्यावे, पण पानांवर मारू नये.

लागवडीनंतर पाऊणशे-ऐंशी दिवसांनी पाने पिवळी पडू लागली, की पाणी बंद करावे आणि पाला जमिनीलगत कापावा. दहा-बारा दिवस तसेच राहू द्यावे, म्हणजे साल पक्की होते. अंगठ्याने घासून साल सुटली नाही तर काढावे. काढल्यावर उन्हात ठेवू नये. सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस ढीग करून ठेवावे, मग चिरलेले बाजूला काढून उरलेले अंधाऱ्या कोपऱ्यात साठवावे. मध्ये मध्ये टणटणीची, म्हणजे घाणेरीची वाळलेली पाने पसरली तर पाकोळी कमी लागते. धुऊन मात्र साठवू नये.

आता ताटाविषयी, कारण हे पान शेतीचे तसे आरोग्याचेही आहे. घरात बटाटा मुबलक झाला की रोज दोन्ही वेळा बटाट्याची भाजी आणि पोळी, असे सुरू होते. बटाटा ही भाजी नव्हे. तो धान्याच्या जागी धरावा, असे आमचे मत आहे. पोळी-भात आणि बटाटा एकाच ताटात भरपूर असणे म्हणजे पिष्टावर पिष्ट. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी बटाटा खाल्ला त्या वेळी पोळी किंवा भात तेवढा कमी करावा आणि सोबत मेथी, पालक, डाळ घ्यावी. बटाट्याला सरसकट वाईट ठरवणेही आम्हांला मान्य नाही. शंभर ग्रॅम ताज्या बटाट्यात सतरा ते वीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, पोटॅशियमही चांगले असते. सालासकट उकडला तर त्यातले बरेच टिकते. सोलून, चिरून, पाण्यात घालून ठेवला तर पाण्याबरोबर जाते. मूत्रपिंडाच्या रोग्यांनी मात्र पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारूनच खावा. उपवासकाळातल्या शुक्रवारी तळलेल्या बटाट्याची परातच्या परात करण्यापेक्षा उकडलेला बटाटा, जिरे आणि कोथिंबीर बरी.

बटाटा निघाला की तो वाफा रिकामा ठेवू नये. पाणी असेल तर फेब्रुवारीत भेंडी, चवळी किंवा उन्हाळी मूग घालावा. पुढची दोन वर्षे त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा पुन्हा बटाटा घेऊ नये. वाफा परसाच्या दुसऱ्या बाजूला सरकवावा. आमचा यंदा विहिरीच्या बाजूला आहे, आणि बेण्याच्या गोणीत अजून दोन घरांची जागा शिल्लक आहे.